उजव्या खांद्यावरचा पट्टा

“निहार व्हिडिओ कॉलवर नेहमी उजवाच गाल का दाखवतो गं?” चित्राताईंनी मला ऑगस्टमध्येच विचारलं होतं.

मी तेव्हा ईशानीच्या तोंडातून लेगोचा तुकडा काढत होते. म्हटलं, “लाइट त्या बाजूनं येत असेल.”

“नीट बघ, अश्लेषा. पोरीच्या नखावर पांढरा ठिपका दिसला तर तू हाउसआर्ट्सला फोन करतेस. दिराचा अख्खा गाल दिसत नाही तुला?”

हाउसआर्ट्स म्हणजे आमचा इथला फॅमिली डॉक्टर, आणि तो ठिपक्याचा फोन मी खरंच केला होता. मी हसले, फोन ठेवला आणि विसरून गेले.

आणि मग उजाडला तो दसऱ्याचा शनिवार. तिथीनं दसरा गुरुवारीच होऊन गेला होता, पण नेदरलँड्समध्ये सण शनिवारखेरीज येत नाहीत. आमचं नायमेखनचं घर सकाळपासून दणाणत होतं. आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, सप्टेंबरातच पुण्याहून आले होते. चित्राताई, माझ्या नणंदबाई, हार्लेमहून श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन पहिल्या गाडीनं हजर झाल्या होत्या. पाटावर शस्त्रं मांडली होती: माझ्या नवऱ्याचा, ऋषभचा लॅपटॉप, माझी शिवणाची कात्री, चित्राताईंचा दात बघायचा छोटा आरसा (त्या दातांच्या दवाखान्यात काम करतात), बाबांची मोजपट्टी, ईशानीच्या सायकलचा पंप. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला? कोपऱ्यावरच्या गिंकोची पानं तश्शीच मधोमध दुभंगलेली असतात, आणि ऑक्टोबरात तर ती खरोखर सोन्याची होतात. ईशानीनं टोपलीभर गोळा केली होती. एक खाल्लंही असावं असा मला संशय होता.

आता फक्त निहार यायचा होता. ऋषभचा धाकटा भाऊ, आखेनला मास्टर्स करणारा. सीमेपलीकडे, तरी हाकेच्या अंतरावर.

“येताना एका मित्राला आणतोय,” आई मला चौथ्यांदा सांगत होत्या. “जर्मन आहे. त्याला तिखट बेतानं वाढ. आणि त्या संस्थेतलाच आहे बरं का, ती मुंजीसारखं करतात ती.”

ही मुंज काय, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात निहारनं एक सेल्फी पाठवला होता. छातीवरून तिरका गेलेला जांभळा-पांढरा पट्टा, डोक्यावर छोटी टोपी. खाली लिहिलं होतं, ‘इथल्या दीडशे वर्षं जुन्या विद्यार्थी-संघात मला घेतलं.’ पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे, अगदी जानव्यासारखा. आईंचा ऊर भरून आला. “बघा, जर्मनीतसुद्धा संस्कार आहेत!” त्यांनी तो फोटो भिशीच्या ग्रुपवर टाकला, मावश्यांना पाठवला. बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना ‘चि. निहार यास विद्यापीठाचे पदक’ असं लिहून दिलं. लोकांनी पेढे मागितले, यांनी वाटलेही.

*

निहार त्या वेळी रुरमोंडच्या पुढे गाडीत बसला होता. हे त्यानं मला नंतर सांगितलं, म्हणून मला ठाऊक. शेजारी योनास, गुडघ्यांवर आईंसाठी आणलेली शेवंतीची कुंडी धरून.

“घरी सांगितलं आहेस ना?” योनासनं विचारलं.

“पट्ट्याचं सांगितलंय.”

“आणि आज संध्याकाळचं?”

“पोचल्यावर.”

त्यांच्या संघात पहिलं वर्षभर मुलाला ‘फुक्स’ म्हणतात, म्हणजे कोल्हा, आणि कोल्ह्याच्या पट्ट्यावर दोनच रंग असतात. तिसरा, केशरी, मिळतो तो तलवार धरून उभं राहिल्यावर. निहार एकदा उभा राहिला होता. दुसरी आणि शेवटची फेरी आज संध्याकाळी आखेनला होती. ती चुकवली तर पट्टा परत, संघाच्या घरातली खोली परत, आणि आयुष्यभर ज्यांना भाऊ म्हणायचं ते सगळेच परत.

“आई नाही म्हणाली तर?” योनास.

“तर मी तुझ्याबरोबर परतीच्या गाडीत नसेन,” निहार म्हणाला. “चोरून एकदा केलं. पुन्हा नाही करणार.”

*

बेल वाजली तेव्हा आई ओवाळायचं ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. निरांजनाच्या आणि ईशानीच्या केसांच्या मधलं अंतर मी डोळ्यांनीच मोजत होते. निहार आत आला, वाकून नमस्कार केला, कोट काढला.

“काइक! काइक!” ईशानी डचमध्ये किंचाळली, म्हणजे ‘बघा, बघा!’ “काका इज एन रिडर!” काका सरदार झाला होता.

आईंचा हात अर्ध्यात थांबला.

“हे काय?”

“पट्टा, आई. फोटो पाठवला होता ना.”

“फोटोत तो डाव्या खांद्यावर होता.”

“सेल्फी होता तो. सेल्फीत उलटं दिसतं.”

पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे गेला होता. आईंनी ताट माझ्या हातात दिलं. “अपसव्य,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरले. “जानवं उजव्या खांद्यावर घेतात ते फक्त पितरांसाठी. बाप समोर धडधडीत उभा आहे तुझा. गेल्या वर्षी त्याची छाती उघडून शिवलीये. आणि तू सणाच्या दिवशी अपसव्य करून माझ्या दारात येतोस?”

“मी अजून आहे, जयंती,” बाबा मागून म्हणाले. “भूकही लागलीये.”

“तुम्ही गप्प बसा. पेढे वाटलेत आपण याचे! निहार, डावीकडे घे तो.”

“नाही घेता येत गं. नियम आहे.”

“मग काढ.”

“आई बरोबर बोलतेय,” चित्राताई म्हणाल्या. “आधी काढ, मग बोलू.”

“आत तरी येऊ द्या त्यांना,” मी म्हटलं. “दार उघडं आहे, पोर अनवाणी आहे.”

बिचारा योनास कुंडी घेऊन पायरीवरच उभा होता. सहा फुटांच्या वर उंच, आणि चेहरा असा की फुलदाणी यानंच फोडली असावी. मी त्याला आत ओढलं.

बाबा तोवर निहारभोवती फिरत होते. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. पूल दिसला की खालून वाकून बघणार, असा स्वभाव. अचानक ते स्वयंपाकघरात गेले आणि लाटणं घेऊन आले. निहारच्या पट्ट्यात, डाव्या कमरेपाशी, त्यांनी ते खोचलं.

“उपस.”

“काय?”

“अरे, उपस! उजव्या हातानं.”

निहारनं लाटणं उपसलं. ईशानीनं टाळ्या पिटल्या.

“बघ जयंती! जानवं कसलं, हा तलवारीचा पट्टा आहे! उजव्या हातानं उपसायची तर म्यान डावीकडे हवं, आणि म्यान डावीकडे हवं तर पट्टा उजव्या खांद्यावरूनच येणार. आपल्या सरदारांची जुनी चित्रं बघ. हो की नाही रे?” हे शेवटचं योनासला, आणि इंग्रजीत.

योनासचा चेहरा उजळला. पूर्वी जर्मन विद्यार्थी कमरेला तलवार लावूनच हिंडायचे, एकेका प्रांताची मुलं एकत्र राहायची, आणि शब्दाला शब्द लागला की भर रस्त्यात एकमेकांना भोसकायची, असं तो सांगू लागला. मग त्यांचे त्यांनीच नियम केले, की भोसकायचं नाही, हलायचं नाही, जागेवर उभं राहून फक्त वरून वार करायचा. “आणि आमच्यात कुणी वारलं,” तो आईंकडे वळून म्हणाला, “तर पट्ट्यावर काळी जाळी चढवतात. नुसता पट्टा म्हणजे आनंदच.”

“ऐकलंस?” बाबा खुशीत. “त्यांची सुतकाची खूण वेगळी आहे.”

मला वाटलं, मिटलं. आईंचे खांदेही जरा खाली आले होते. पण त्या शाळेत गणित शिकवायच्या, पायरी सोडत नाहीत.

“तलवारीचा पट्टा आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “म्हणजे कुठेतरी तलवार आहे.”

त्या निहारकडे वळल्या.

“निहार. डावा गाल दाखव.”

चित्राताईंनीच त्याला खिडकीशी नेलं. दाढी वाढवली होती त्यानं. त्यांनी पाटावरचा आरसा उचलला, बोटानं केस बाजूला केले. कानापासून हनुवटीकडे एक पांढरट रेघ.

“टाके बारीक घातलेत,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून: “काय म्हणाली होतीस, लाइट?”

आणि मला दिसलं, की खोलीत एकच माणूस निहारकडे बघत नव्हता. माझा नवरा लॅपटॉपवर हळदकुंकू नीट बसलंय का ते अगदी निरखून पाहत होता.

“ऋषभ! तुला माहीत होतं!”

“फेल्डहोफनला ऑफिसची मीटिंग होती ना जूनमध्ये,” तो पुटपुटला. “ती नव्हती.”

“तू तिथे होतास?”

“धाकटा भाऊ आहे माझा. एकटा कसा सोडू? डोळ्यांवर पोलादी चष्मा असतो, गळ्याला जाड पट्टी, शेजारी डॉक्टर. तुझ्या त्या खेळघरातल्या घसरगुंडीपेक्षा सुरक्षित आहे.”

“घसरगुंडीवर टाके पडत नाहीत!”

“मागच्या महिन्यात पडता पडता राहिले.”

मग सगळे एकदम बोलू लागले. चित्राताई म्हणाल्या, ही असली मंडळं कट्टर उजव्या विचारांची असतात, हिटलरच्या वेळी काय करत होते तुमचे भाऊ? निहारनं टाळलं नाही. “तसली मंडळं आहेत, ताई, पण आमचं ते नाही. आम्ही धर्म, देश, पक्ष विचारत नाही. पण त्या वेळी आमच्याच लोकांनी ज्यू भावांना बाहेर काढलं. आधी त्यांना काढलं, मग संघच बंद पडला. ती नावं जिन्याच्या भिंतीवर कोरलीत. दर वर्षी उभं राहून वाचतो आम्ही. या वर्षी माझ्याकडे होतं वाचन.”

चित्राताईंनी आरसा पाटावर परत ठेवला. मग म्हणाल्या, “हं. निदान लपवत तरी नाहीत. आमच्या घरात गाल लपवतात.”

“यात जिंकतं कोण?” बाबांनी विचारलं.

“कोणीच नाही. जिंकणं-हरणं नसतंच, बाबा. मागे सरकायचं नाही, मान वळवायची नाही, एवढंच.”

“मग करता कशाला?”

“उभं राहता येतं का, ते बघायला. आज संध्याकाळी शेवटची आहे.” तो आईंसमोर गुडघ्यावर बसला. “तू नाही म्हण, मी जात नाही. इथेच जेवतो. पट्टा योनास घेऊन जाईल.”

आई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

*

पुऱ्या लाटायच्या होत्या, पण लाटणं दिवाणखान्यात होतं. आई नुसत्याच लाट्या करत राहिल्या. मी तेल बघत होते.

“हे सगळ्यात धाकटं, आणि सगळ्यात अशक्त,” त्या म्हणाल्या. “आठव्या महिन्यात झाला. अंघोळ घालताना मी श्वास रोखून धरायचे. त्या पोरावर कोणीतरी तलवार उगारतंय, आणि मी काय करायचं? तू काय केलं असतंस?”

मी काय सांगणार? मी ईशानीच्या द्राक्षाचे अजून चार तुकडे करते.

योनास लाटणं द्यायला आला. जायला वळला तशी आईंनी त्याला थांबवलं. खडखडीत शाळेच्या इंग्रजीत, प्रस्तावना न करता विचारलं, “माझाच मुलगा का? कसा पकडलात तुम्ही त्याला?”

त्यानं लाटणं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाला, “सायकलमुळे.”

“सायकल?”

“आमच्या घराशेजारच्या इमारतीत त्याची भाड्याची खोली होती. सायकल आमच्या कुंपणाला लावायचा. मला राग यायचा. जानेवारीत बर्फ पडला, त्याच्या सीटवर साचला, आणि साचलेलाच राहिला. कोणी झटकला नाही. मी रोज खिडकीतून बघायचो. शेवटी जाऊन बेल वाजवली.”

“मग?”

“ताप होता. खाल्लेलं नव्हतं. वर्गात जाणं त्याच्याही आधी बंद झालं होतं. मी सूप गरम करत होतो तेव्हा त्याचा फोन वाजला. तुम्ही होतात. तो उठून बसला, केस नीट केले, आणि तुमच्याशी हसून बोलला. फोन ठेवला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपला.”

आईंच्या हातातली लाटी तशीच राहिली. “रोज बोलायचे मी त्याच्याशी,” त्या मराठीतच म्हणाल्या. मी भाषांतर केलं नाही, आणि त्याला गरजही नव्हती.

“आमच्यात प्रत्येक फुक्स एक मोठा भाऊ निवडतो,” योनास म्हणाला. “लाइबबुर्श म्हणतात त्याला. मी निवडू शकत नाही, त्यानंच निवडायचं असतं. त्यानं मला निवडलं. लाइबबुर्शचं काम पुस्तकात बरंच लिहिलंय, पण खरं काम एकच. बेल वाजवणं.”

तेल धुरावलं होतं. मी गॅस बंद केला, मागच्या वेळेसारखा अलार्म वाजायच्या आत. आईंनी पदराला हात पुसले आणि सरळ बाहेर गेल्या. आम्ही मागोमाग.

“काढ तो पट्टा.”

निहारचा चेहरा उतरला. त्यानं डोक्यावरून पट्टा काढला, घडी घातली, हातात दिला.

आईंनी तो पाटावर ठेवला. लॅपटॉप आणि कात्रीच्या मध्ये जागा करून. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, गिंकोचं पान ठेवलं.

“आई, त्याला डाग पडेल!”

पडलाच होता. पांढऱ्या पट्टीवर हळद आणि कुंकू एकात एक मिसळून एक बोट रुंद केशरी ठसा उमटला होता. मी योनासकडे पाहिलं. तो वाकून बघत होता.

“तिसरा रंग,” तो म्हणाला. “जरा लवकर आला.” मग निहारला, दिलासा देत: “आमच्या सगळ्यांच्या पट्ट्यांवर बिअर सांडलेली आहे. हे बरं आहे.”

आईंनी पट्टा उचलला. निहारला वाकायला लावलं. एक क्षण हात डाव्या खांद्याकडे गेला, सवयीनं. मग त्यांनी तो उजव्या खांद्यावर घातला, डाव्या कमरेपाशी सारखा केला.

“मागे सरकायचं नाही म्हणालास ना? मग मी तरी का सरकू? पण मी येणार.”

“बायकांना आत घेत नाहीत गं.”

“मी बाहेर बसेन. पुऱ्या खाऊन घ्या सगळे. उपाशीपोटी कोणी उभं राहणार नाही.”

“सीमोल्लंघन!” बाबा ओरडले. “खरंखुरं! सीमा ओलांडून!”

*

गाडीत जागा पाचच. बाबा आणि चित्राताई ईशानीपाशी राहिले. तिला सोडून देशाबाहेर जायची माझी पहिलीच वेळ. फेन्लोला सीमेची निळी पाटी मागे पडली, आईंनी हात जोडले, आणि मी तेवढ्यात चित्राताईंकडून ईशानी झोपल्याचा फोटो मागवला. “श्वास घेतेय, दिसतंय का?” त्यांनी खाली लिहिलं होतं. दिसत नव्हतं. मी व्हिडिओ मागवला.

आखेनच्या त्या संघाच्या घराचं स्वयंपाकघर मोठं होतं, आणि एका दारापलीकडे दिवाणखाना. ऋषभ आत गेला. आम्ही दोघी बाकावर. आतून एक हुकूम ऐकू आला आणि मग तो आवाज: पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, दोन श्वासांपुरता, की शांतता. पुन्हा हुकूम, पुन्हा गारा. आईंनी माझं मनगट धरलं होतं. प्रत्येक शांततेत त्या दाराकडे बघायच्या, आणि दार उघडलं नाही की सुटकेनं हसायच्या. काही वेळानं मीही हसायला लागले. छाती अशी धडधडत होती की मला वाटलं, दारापलीकडे ऐकू जाईल. भीती होतीच, पण तेवढीच नव्हती. आपल्या घरातलं कोणीतरी आत्ता, या क्षणी, हलत नाहीये!

मग आत इतका ओरडा झाला की आई उभ्याच राहिल्या. दार उघडलं. आधी ऋषभ, नाचतच. मागून निहार, केसांत रक्ताचा एक ओघळ, दात सगळे दिसत होते, आणि खांद्यावर दुसरा पट्टा, तीन रंगांचा.

“हललो नाही, आई! एकदाही नाही!”

“बस आधी. डोकं दाखव,” आई म्हणाल्या. डॉक्टर टाका घालत असताना त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या, श्वास न रोखता.

अंगणात दिवे लावले होते, मुलं गात होती. आईंना मोठ्या टेबलापाशी मधोमध बसवलं होतं, आणि प्रत्येक जण येऊन हात मिळवून जात होता. योनास आमच्यासाठी सफरचंदाचा रस घेऊन आला. दिवसभर तो सगळ्यांना काही ना काही आणून देत होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो स्वतः बसलाच नव्हता.

“आता तू काय करणार?” आईंनी विचारलं.

“माझं शिक्षण संपलं. सोमवारपासून नोकरी. तुमच्याच देशात, म्हणजे हॉलंडमध्ये. कापेल आन डेन आयसेल.”

“तिथे असं घर आहे तुमचं?”

“नाही. तिथे आमचं कोणी नाही.”

“आई-वडील येतील अधूनमधून?”

“आई नाही. वडील ब्रेमेनला आहेत, आम्ही फारसं बोलत नाही.” हे तो इतक्या झटकन आणि इतक्या गोड हसून म्हणाला की मला निहारचा तो हसून घेतलेला फोन आठवला.

“मग तुझी बेल कोण वाजवणार?”

योनास हसला, ग्लास उचलला, आणि गाणं सुरू झालं म्हणून गाऊ लागला. आईंनी माझ्याकडे बघितलं. “कापेलला आपली माणसं असतील ना गं?”

असणार. रॉटरडॅमला लागूनच आहे ते, तिथल्या ऑफिसांत आपली निम्मी पुण्या-मुंबईची मंडळी. आम्ही नायमेखनला, निहार आखेनला, चित्राताई हार्लेमला. म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कोणी कापेलला राहत असाल, तर एखाद्या संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन या. उंच आहे, गालावर जुना व्रण आहे, बेलवर नाव फक्त योनास लिहिलंय. तो दारातच तुमचे आभार मानेल, सगळं छान आहे म्हणेल, हसेलही. तरी आत जा. फ्रिज उघडून बघा.